त्या पत्र्यावर हूक कुठे अडकवणार होता?

पत्र:

सर, माझा भाऊ ३० वर्षांचा होता. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका कारखान्यात ठेकेदाराकडून शेडची गळती काढायला गेला होता. मे २०२५ चा तिसरा आठवडा. पाऊस लवकर येणार म्हणून दोन शेड चार दिवसांत उरकायला सांगितल्या होत्या. सिमेंटचा पत्रा फुटला आणि तो तीसेक फुटांवरून खाली आला. पोलिसांनी ठेकेदार आणि कंपनीचा एक सुपरवायझर अशा दोघांवर गुन्हा घेतला आहे. कंपनी म्हणते, बेल्ट दिला होता, त्यानेच हूक लावला नाही. एचआरचे साहेब दोनदा घरी येऊन गेले. पाच लाखांचा चेक आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही असं त्यावर टाइप केलेलं. वहिनी म्हणते घेऊन टाकू, मुलीला पहिलीत घालायचंय. मी नाही म्हणते. मला त्या कंपनीचे डायरेक्टर कोर्टात उभे राहिलेले बघायचे आहेत. ओळखीचे वकील म्हणाले, डायरेक्टरपर्यंत कोणी पोचत नाही, सोडून द्या. नऊ महिने झाले. घरात आमचं बोलणं बंद आहे. मी चुकतेय का?
– एक बहीण, घणसोली

ताई,

चुकत नाही आहात. पण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून बसला आहात आणि त्या गाठीचा फायदा कंपनी घेतेय. पैसे हा एक रस्ता, खटला हा दुसरा. पैसे घेतले म्हणून खटला सुटत नाही, आणि खटला चालावा म्हणून पैसे नाकारायचीही गरज नाही. एचआरचे साहेब जो कागद घेऊन आले तो हे दोन रस्ते एकच आहेत असं भासवणारा कागद आहे.

आधी त्या बेल्टबद्दल बोलतो, कारण तुमच्या पत्रातलं तेच वाक्य वाचून माझा चहा थंड झाला. मी याच पट्ट्यातल्या कारखान्यांत बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून शेवाळलेला असतो, माणसाचं वजन पेलेल असाच दिसतो. मधे मधे उजेडासाठी फायबरचे पत्रे टाकलेले असतात, दहा वर्षांत धूळ बसून तेही सिमेंटसारखेच करडे होतात. अनुभवी पत्रेवाला बोल्टांच्या ओळीवरून चालतो, कारण त्या ओळीखाली लोखंडी पर्लिन, म्हणजे छपराचा आडवा आधार असतो. पण ही त्याची हुशारी झाली, ही सुरक्षा नव्हे. सुरक्षा म्हणजे वर फळ्यांची वाट टाकायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा दोर, ताणायची, खाली जाळी बांधायची आणि मग माणूस वर सोडायचा. लाइफलाइनच नसेल तर बेल्टचा हूक अडकवायचा कशाला? पत्र्याला? कमरेला लोंबणारा हूक घेऊन माणूस वर जातो तेव्हा खालचा सुपरवायझर समाधानानं परमिटवर 'बेल्ट: होय' अशी खूण करतो. मीही अशा खुणा पाहिल्या आहेत. एक-दोन वेळा, आता लिहायला हरकत नाही, मी स्वतः केल्याही आहेत. एका कारखान्यात छपरावर कायमची वाट करा म्हणून मी तीन वर्षं लेखी मागणी केली. उत्तर यायचं, पुढच्या बजेटला बघू.

हे 'बजेटला बघू' कोण म्हणतं? सुपरवायझर नाही म्हणत. तुमचा संताप ज्या दिशेनं जातोय ती दिशा बरोबर आहे, एवढंच मला सांगायचंय.

आता तुमच्या ओळखीच्या वकिलांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. पोलिसांनी जो गुन्हा घेतला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खालचा असणार, निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचा. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम ३०४ अ होतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. या कलमात कंपनीचा डायरेक्टर केवळ डायरेक्टर आहे म्हणून आरोपी होत नाही. सुनील भारती मित्तल यांच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं: एक तर त्या माणसाचा स्वतःचा सहभाग पुराव्यानं दिसला पाहिजे, नाही तर कायद्यानंच त्याला थेट जबाबदार धरलेलं असलं पाहिजे. लहान कंपनीत मालक शेडमध्येच उभा असतो, त्यामुळे तो सापडतो. डोंबिवलीत मे २०२४ च्या स्फोटानंतर पोलिसांनी कंपनीच्या संचालकाला अटक केली होती. मोठ्या कंपनीत मात्र मधे इतकी माणसं असतात की कागदावरचा शेवटचा हात सुपरवायझरचा निघतो. आपल्याकडेच असं होतं असं नाही. ब्रिटननं २००७ साली कंपन्यांच्या मनुष्यवधाचा वेगळा कायदा केला, पण त्याखाली कंपनीला दंड होतो, संचालक तुरुंगात जात नाही.

वकिलांनी जे सांगितलं नाही ते आता सांगतो. तुमच्या भावाच्या अपघाताला लागणारा एक कायदा असा आहे जो डायरेक्टरलाच धरतो. कारखाना अधिनियम १९४८. त्यात 'भोगवटादार' नावाचा एक माणूस असतो. कारखान्यात सगळं नीट आहे ना, ही अंतिम जबाबदारी त्याची. भोपाळची वायुगळती १९८४ ची. त्यानंतर १९८७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्पष्ट लिहिलं गेलं की कारखाना कंपनीचा असेल तर तिच्या संचालकांपैकी कोणीतरी एक जण भोगवटादार मानला जाईल. कंपन्यांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही एखादा जनरल मॅनेजर नेमतो, त्यालाच भोगवटादार म्हणा. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. नाव द्यायचं तर संचालकाचंच. म्हणजे तुमच्या भावाच्या कारखान्याच्या परवान्यावर आजही एका डायरेक्टरचं नाव आहे. तुम्हाला ते शोधायचं आहे, कोणाला पटवायचं नाही.

त्याच अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये लिहिलंय की जिथून पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर कोणाही व्यक्तीला काम करायचं असेल तर कठडा किंवा दुसरी काही व्यवस्था हवी. शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे, हे लक्षात ठेवा. तुमचा भाऊ आमचा कामगार नव्हता, ठेकेदाराचा होता, हे कंपनीचं पहिलं उत्तर असणार, आणि या कलमापुढे ते लंगडं पडतं.

पण इथेच एक कडू गोष्ट आहे. या कायद्याखाली तुम्ही किंवा मी कोर्टात जाऊ शकत नाही. तक्रार फॅक्टरी इन्स्पेक्टरच करतो, किंवा त्याच्या मंजुरीनं होते. आणि ती त्याला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते. मे महिन्यातला अपघात, म्हणजे ती मुदत ऑगस्टच्या आसपासच संपली असणार. आता एक तर तक्रार तेव्हाच दाखल झाली आहे आणि तुम्हाला कोणी कळवलं नाही, किंवा झालीच नाही. माझ्या अनुभवात पहिली शक्यता जास्त. पुष्कळदा असं होतं की इन्स्पेक्टर खटला भरतो, कंपनीचा माणूस कोर्टात गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि विषय संपतो. ज्याचं माणूस गेलं त्या घराला वर्षानं कळतं, किंवा कधीच कळत नाही. दंड किती? मृत्यू झाला असेल तर किमान पंचवीस हजार. कमाल एक लाख. दोन वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. शिवाय भोगवटादाराला एक पळवाटही आहे: मी सगळी काळजी घेतली होती, खरा दोषी मॅनेजर आहे, असं सिद्ध केलं तर तो सुटतो.

म्हणून तुमचं पहिलं काम माहितीचा अधिकार. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ठाणे जिल्ह्याच्या कार्यालयाला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचं काय, ते नेमकं लिहा: या तारखेला या कारखान्यात झालेल्या प्राणघातक अपघाताचा चौकशी अहवाल, त्या दिवशी परवान्यावर असलेल्या भोगवटादाराचं आणि व्यवस्थापकाचं नाव, खटला दाखल केला असल्यास त्याचा क्रमांक, न्यायालय आणि निकाल. प्राणघातक अपघाताची चौकशी महिन्याभरात करावी असं कायदाच सांगतो, तेव्हा अहवाल नाही असं उत्तर आलं तर तेही तुमच्या उपयोगाचं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तपास चालू आहे म्हणून देता येत नाही, असं कदाचित लिहून येईल. तरी परवान्यावरच्या नावाला तपासाचा काय अडथळा, असं अपिलात विचारा. कंपनीचे संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवा.

दुसरं काम पोलिसांकडे. इथे मुदतीची धास्ती नाही, पाच वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला कालमर्यादेची अडचण येत नाही. तपास अधिकाऱ्याकडे वहिनींच्या नावानं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वहिनींच्या नावानं कारण कायद्याच्या भाषेत पीडित त्या आहेत, आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती पीडिताला कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. नऊ महिन्यांत कोणी कळवलं का? अर्जात डायरेक्टरला अटक करा असं लिहू नका. त्या वाक्याचा अर्ज बाजूला पडतो. प्रश्न लिहा. छपरावरच्या कामाचं परमिट कोणी आणि किती वाजता सही केलं? वर्क ऑर्डर कोणाच्या सहीनं निघाली, त्यात लाइफलाइनचा खर्च धरला होता का? चार दिवसांत उरका हे कोणी सांगितलं, ईमेलवर की फोनवर? सुरक्षा समितीच्या मागच्या दोन वर्षांच्या मिनिट्समध्ये छपराचा विषय आला होता का, आला असेल तर तो कोणी पुढे ढकलला? हे कागद जप्त झाले आहेत का? एखाद्या मिनिट्समध्ये 'संचालकांच्या मंजुरीसाठी' असे दोन शब्द सापडले, तर मित्तल निकालातली ती 'स्वतःच्या सहभागाची' अट पुरी व्हायला सुरुवात होते. माझे ते तीन वर्षांचे मेमो असेच कुठल्यातरी फायलीत असतील. तुमच्या भावाच्या कारखान्यातही एखादा सेफ्टी ऑफिसर असेलच. तो स्वतःहून बोलणार नाही, त्याला नोकरी आहे. पण पोलिसांनी पुरवणी जबाबाला बोलावला तर खोटं बोलायला तो धजेलच असं नाही.

भावाच्या मोबाइलबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. बघा. हल्ली छपरावर चढलेला प्रत्येक जण एक तरी फोटो काढतो, घरी नाही तर ग्रुपवर टाकतो. त्या फोटोत मागे दोर ताणलेला दिसत नसेल, तर कंपनीच्या बेल्टवाल्या कथेचं काय होतं ते तुम्हीच ठरवा. फोन रिसेट करू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊ नका. नुसता स्क्रीनशॉट फिरवून उपयोग नाही, कोर्टात मूळ फोन लागतो, किंवा कॉपीसोबत प्रमाणपत्र.

आता वहिनी. इथे मी तुमच्या बाजूनं नाही, आधीच सांगतो.

भरपाईचा हक्क त्यांचा आणि मुलीचा आहे, आई भावावर अवलंबून असतील तर त्यांचाही. बहीण म्हणून तुमचा नाही. डायरेक्टर कोर्टात उभे राहिलेले तुम्हाला बघायचेत, पण शाळेची फी वहिनींना भरायची आहे. त्यांनी सही करू नये असं मलाही वाटतं. पण त्याचं कारण तुमचा राग असता कामा नये. कारण गणिताचं आहे आणि ते तुम्ही त्यांच्यासमोर बसून मांडा.

भावाच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते का, ते आधी शोधा. पगाराची पावती नसेल तर ठेकेदाराकडून ईएसआय नंबर मागा. नंबर असेल तर वहिनींना आणि मुलीला दर महिन्याला मिळून त्याच्या सरासरी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, आणि मग वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. पगार एकवीस हजारांच्या आत होता आणि तरी नोंदणी केली नाही, तर तो दोष मालकाचा, तुमचा नव्हे. अर्ज करा.

ईएसआय लागूच नसेल तर अपघाताच्या वेळी लागू असलेला कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३. हिशोब असा: महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरतात. तीस वर्षांचा गुणक २०७.९८. साडेसात हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये. महिन्याभरात भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. नऊ महिने झालेत. आता त्या पाच लाखांकडे बघा.

आणखी दोन गोष्टी, ज्या एचआरचे साहेब सांगणार नाहीत. एक, मृत्यूच्या बाबतीत ही रक्कम मालकानं कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. ठाण्यात हे काम कामगार न्यायालयात चालत आलं आहे. परस्पर घरी आणून दिलेला चेक कायद्याच्या लेखी भरपाई मोजलाच जात नाही, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर. आणि हक्क सोडल्याचा करार मुळातच रद्दबातल. दोन, मृत्यू झाला असेल तर 'त्याने बेल्ट लावला नाही' हा बचाव या दाव्यात चालतच नाही. दावा ठेकेदार आणि कंपनी दोघांवर करा. छपराची दुरुस्ती हा आमचा धंदा नाही असं कंपनी म्हणेल, त्यावर वाद होईल, म्हणूनच ठेकेदाराला सोडू नका. गेटपास काढताना त्याला डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) दाखवावी लागली असणार, तिचा नंबर मिळवा. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे मे २०२७. तोवर थांबू मात्र नका.

वकिलाची फी हा प्रश्न असेल, तर वहिनींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाई असणं एवढीच अट, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मोफत वकील म्हणजे वाईट वकील असा एक समज आहे. काही वेळा तो खरा असतो. पटला नाही तर बदलून मागा.

तो स्टॅम्प पेपर फौजदारी गुन्हा मिटवतो का? नाही, १०६ चा गुन्हा आपसात मिटवण्यासारख्यांत मोडत नाही. मग कंपनीला तो हवा कशाला? उद्या हायकोर्टात गुन्हा रद्द करा म्हणून अर्ज करताना जोडायला. घरच्यांचीच तक्रार नाही असं म्हणता येतं. पाच लाखांत कंपनीला हवाय तो हा कागद.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये बांधकामाची लिफ्ट कोसळून सात मजूर गेले तेव्हाही मला अशीच पत्रं आली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आहे. त्या तारखेनंतरच्या मृत्यूला व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ लागतं: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला किमान निम्मा हिस्सा घरच्यांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. संचालकालाच भोगवटादार मानण्याची तरतूद तिथेही कायम आहे. पंचवीस हजारांवरून पाच लाख, हे बरं झालं. पण नवी संहिता वीस कामगारांपासून पुढच्याच कारखान्याला कारखाना म्हणते, जुन्या केंद्रीय कायद्यात वीज वापरणाऱ्याला दहा पुरे होते.  तुमच्या भावाचा अपघात मात्र आधीचा, त्याला जुनाच कायदा.

ताई, डायरेक्टर तुरुंगात जाईल असं वचन मी देऊ शकत नाही. भोपाळचा निकाल जून २०१० मध्ये लागला, पंचवीस वर्षांनी, आणि शिक्षा दोन वर्षांची. पण भोगवटादार म्हणून एका माणसाचं नाव न्यायालयात पुकारलं जाणं, त्याला सकाळी अकरा वाजता बेलापूरच्या कोर्टाच्या बाकावर बसावं लागणं, हे होऊ शकतं. मी होताना पाहिलंय. त्या आठवड्यात त्या कारखान्यात छपरावर फळ्या आल्या होत्या, बजेट न बघता.

आज संध्याकाळी वहिनींशी बोला. डायरेक्टरचा विषय काढू नका, १५,५९,८५० हा आकडा कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. आणि तो स्टॅम्प पेपर परत करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. कंपनीतर्फे खाली कोणाच्या नावानं सहीची जागा सोडली आहे, ते मला कळवा.